ताण्या-बाण्यातून गुणाकार जमला, आता भागाकार कसा घेऊ?

तिसरीच्या बाई, सोलापूर:
परवा जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून वर्गात चटई विणली. उभ्या ८, आडव्या ६. चौकोन मोजा म्हटलं, तर एरवी गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, मोजायचं कशाला? आठ सक अठ्ठेचाळीस!" तिच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर आहेत. मग उभा धागा ताणा, आडवा बाणा, हे तिनंच सगळ्यांना दाखवलं. वर्षभरात पहिल्यांदा ती फळ्यापाशी आली हो! आता इथूनच भागाकाराकडे कसं वळू?

निवृत्त गुरुजी:
४८ चिंचोके द्या, ६ ओळींत सारखे मांडायला लावा. पाढा उलटा फिरतो. ते जमलं की ५० द्या. उरलेले २ हातात राहिले की 'बाकी' समजवावी लागत नाही.

एक पालक:
घरची सोलापुरी चादरही मागवा. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वस्तू आहे ती. मधोमध दुमडून नक्षी जुळते का, ते पोरांनाच पाहू द्या.

तिसरीच्या बाई:
गुरुजी, चिंचोके आजच निवडून ठेवते. चादर मात्र तिलाच आणायला सांगेन.