पट्टा उलटा फिरला म्हणून विमान थांबत नाही

भुसावळचा फिटर:
धुळ्याच्या सरांनी काल ठासून लिहिलं, की धावपट्टीच्या जागी सरकता पट्टा टाका, विमान जितकं पुढे जाऊ बघेल तितक्याच वेगाने पट्टा उलटा पळवा. विमान जागचं हलणार नाही, उडायचं तर सोडाच. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रात्री झोप लागली नाही.

अहो, विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलं नसतं! गाडीचं चाक रस्त्याला रेटतं, विमानाचा पंखा हवेला रेटतो. चाकं नुसती लोळतात, बैलगाडीची लोळतात तशी. समजा गाडी पट्ट्यावर आहे आणि बैल पुढे पक्क्या जमिनीवर. पट्टा उलटा पळवला म्हणून बैल थांबतील का?

माझी सतरा वर्षं कोळशाच्या पट्ट्यांवर गेली. एकदा दुरुस्तीनंतर रिकामा पट्टा चालवून बघताना चार बेअरिंगची ढकलगाडी त्यावर ठेवली आणि दोरी धरून पुढच्या टोकाला, कठड्याबाहेर उभा राहिलो. बेअरिंग गरगरू लागले, गाडी जागच्या जागी. ओढ इतकी कमी, की दोरी दोन बोटांत धरवत होती. जरा खेचली तर गाडी पट्ट्याच्या उलट सरळ माझ्याकडे आली.

धुळेकर सर:
तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय. पंखांवरून हवा वाहिल्याशिवाय उचल मिळत नाही, हे तरी मान्य? ट्रेडमिलवर पळणाऱ्याच्या तोंडाला वारा लागतो का?

भुसावळचा फिटर:
मान्य, शंभर टक्के. सेसना 172 या चार जणांच्या छोट्या विमानाला नाक उचलायला सुमारे 55 नॉट, म्हणजे ताशी 100 किलोमीटरचा वारा लागतो. पण ट्रेडमिलवरचा माणूस पायाने पट्टाच ढकलतो, सर. विमान 100 ने पुढे, पट्टा 100 ने मागे, तर चाकं 200 च्या हिशेबाने फिरतील. बास, एवढाच फरक.

जळगावकर:
पट्ट्यावरून उडेल की नाही ते नंतर बघा. आमच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 ला झालं, केंद्राच्या ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान यायला डिसेंबर 2017 उजाडला. माझ्या मुलीची मुंबईला मुलाखत होती. पहाटे मेसेज, फेरी रद्द. जनरल डब्यात दाराशी उभी राहून गेली पोरगी, तरी उशीर झालाच. पैसे चार महिन्यांनी आले.

शिरपूरचा भाऊ:
तुम्हाला निदान फेरी तरी होती. आमच्याकडे आणि धुळ्याच्या गोंदूरला पोरं विमान चालवायला शिकतात, डोक्यावर दिवसभर घरघर. बसायला मात्र इंदूर नाहीतर नाशिक गाठा. सगळं जळगावलाच का?

जळगावकर:
सगळं म्हणजे काय हो? जिल्ह्याची केळी देशभर जाते, सोन्याला लांबून गिऱ्हाईक येतं. आम्ही कोणाच्या ताटातलं ओढलं नाही. तोंड सांभाळून बोला!

रावेरचा केळीवाला:
भांडणं बाहेर. 2008 साली अमेरिकेत ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी हे करून दाखवलंय. लांबच लांब ताडपत्री, वर हलकं विमान, ट्रकने ताडपत्री उलटी ओढली. विमान उडालं. चालवणाऱ्या वैमानिकालाही आधी भरवसा नव्हता.

धुळेकर सर:
ताडपत्री ही काही प्रयोगशाळा नव्हे. ‘पट्टा चाकाच्याच वेगाने’ ही अट शब्दशः धरली, तर विमान पुढे सरकताच चाक पट्ट्याहून जोरात फिरतं आणि ती मोडते, म्हणजे प्रश्नच चुकीचा बांधलाय. साधा पट्टा असेल तर चाकांचं घर्षण पंख्याच्या जोरापुढे कमी पडेल, एवढं मानतो. पण दोन बोटांची गोष्ट पुरावा नव्हे. दोरीला ताणकाटा लावा, ओढ मोजा, पट्ट्याचा वेग दुप्पट करून पुन्हा मोजा. आकडा दुप्पट झाला नाही, तर वर्गात उभा राहून चूक कबूल करीन.

भुसावळचा फिटर:
ढकलगाडी अजून घरी आहे. एका जिनिंगवाल्याला पट्ट्याचं विचारलंय, रविवारी मिल बंद असते. ताणकाटा तुम्ही आणा.