शिकोकू बेटावरच्या छोट्या रेल्वेमार्गांसाठी सल्ला हवा आहे

निशिगंध
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जपानला चाललोय. तोक्यो-क्योतोचं ठरलंय, पुढचे पाच दिवस फक्त शिकोकूसाठी ठेवलेत. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली, त्यामुळे बुलेट ट्रेनपेक्षा जुने मार्ग आणि छोटी स्टेशनं बघण्यात त्यांना रस आहे. काय धरावं, काय सोडावं? आईला चढउतार फार झेपत नाही.

सह्यकडा
बेट योग्य निवडलंत. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नसलेलं हे एकच. ओकायामाहून 'मरीन लायनर' गाडीने शिकोकूवरच्या ताकामात्सूला तासाभरात पोचाल. वाटेतला सेतो पूल 1988चा, वर मोटारी आणि खाली रेल्वे. त्याआधी उनो बंदराहून बोटीने जावं लागे. 1955 साली 'शिऊन मारू' ही रेल्वेची बोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली, 168 जीव गेले, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं पुष्कळ. पुलाच्या मागणीने जोर धरला तो तेव्हापासून.

पण माझा आग्रह आहे तो कुबोकावा ते उवाजिमा या योदो मार्गाचा. उवाजिमाकडचा तुकडा 1914 साली एका खासगी कंपनीने अरुंद गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) सुरू केला, कुबोकावाकडचा थेट 1974 साली जोडला गेला. हा साठ वर्षांचा फरक गाडीत बसल्या बसल्या जाणवतो. नव्या भागात शिमान्तो नदी वळणं घेत राहते आणि रूळ बोगद्यांतून, पुलांवरून तिला सरळ छेदत जातात. एकावासाकी स्टेशन मागे पडलं की जुना भाग लागतो, गाडी मंदावते आणि डोंगराच्या कडेकडेने वळत जाते. नदीवर कठडे नसलेले बुटके पूल दिसतील. पुराचं पाणी वरून निघून जावं, वाहून आलेली झाडं अडकू नयेत म्हणून ते मुद्दाम तसे बांधलेत. 1980च्या दशकात तोट्यातले मार्ग बंद होत होते तेव्हा हा वाचला, कारण शेजारून धड रस्ताच नव्हता. आता रस्ता झालाय आणि प्रवासी कमी, म्हणून म्हणतो, आत्ताच बघून घ्या. गाड्या मोजक्याच आहेत. आधी इथलं वेळापत्रक बघा, मग बाकीचं आखा.

बार्शी_लाइट
काकांसाठी दोन गोष्टी. दोसान मार्गावरचं त्सुबोजिरी: आपल्या बोरघाटात 1929पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं ना, त्याच जातीचं. चढ हजाराला 25, म्हणून फलाट बाजूच्या सपाट फाट्यावर. लोकल तिथे आत शिरते, चालक डब्यातून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी उलटी काढतो. एक्सप्रेस न थांबता निघून जाते, तेव्हा लोकलच पकडा. उतरू मात्र नका, बाहेर पडायला डोंगरातली पायवाटच आहे, काकूंना जमणार नाही.

दुसरी, मात्सुयामातलं ओतेमाची. इथे ट्रामचे रूळ रेल्वेच्या रुळांना काटकोनात छेदतात, आणि फाटक पडलं की मोटारींबरोबर ट्रामही थांबून राहते. सिग्नलवाल्या माणसाला तिथून हलवणं कठीण जाईल! ही इयो रेल्वे 1888ची, 762 मिमी गेज, इंजिनं जर्मनीच्या क्राउस कंपनीची. आमची बार्शी लाइट त्याच गेजवर 1897 साली आली. ट्रामच्या रुळांवर वाफेच्या इंजिनाची गाडी दिसेल, ती डिझेलवर चालणारी प्रतिकृती आहे.

अनुराधा_ओसाका
परदेशी पाहुण्यांसाठी 'ऑल शिकोकू रेल पास' मिळतो, जेआर (जपान रेल्वे) बरोबर तिथल्या खासगी गाड्या आणि ट्रामवरही चालतो. होन्शूच्या, म्हणजे मुख्य बेटाच्या, बाजूला तो कोजिमा स्टेशनपर्यंतच, ओकायामा-कोजिमा तिकीट वेगळं काढा.

निशिगंध
खूप आभार! रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी ती बस, डीएमव्ही, बसवता येईल का? बाबांनी व्हिडिओ पाहिलाय.

सह्यकडा
आवा-काइनानची ना? 2021च्या डिसेंबरात सुरू झाली, बघण्यासारखी आहेच. पण ती पूर्व किनाऱ्यावर, एका कोपऱ्यात. तिच्यापायी अख्खा दिवस जाईल आणि योदोवर गदा येईल. या खेपेला सोडा.

अनुराधा_ओसाका
सहमत. त्याऐवजी उवाजिमाहून मात्सुयामाला जाताना इयो-ओझूला उतरून नागाहामामार्गे जाणारी लोकल घ्या. 1986 साली उचिकोवरून जवळचा मार्ग झाला, एक्सप्रेस तिकडे वळल्या आणि समुद्राकडेचा जुना मार्ग लोकलपुरता उरला. शिमोनादा स्टेशन त्याच्यावरच आहे, फलाटासमोर थेट समुद्र. डाव्या बाजूच्या जागा धरा. काही लोकलही उचिकोवरून जातात, तेव्हा चढण्याआधी विचारून घ्या.