भंगारातून माल करणाऱ्यांना सवलत का द्यायची? त्या पोस्टला माझं उत्तर

खान्देशी_दाणा

परवा इथे 'करदाता_एक' यांनी लिहिलं होतं: "भंगार वितळवणाऱ्या कारखान्यांना सरकारनं सवलती कशासाठी द्यायच्या? कच्चा माल कचऱ्याच्या भावात मिळतो, कामगारांच्या हातात हातमोजे नसतात, घाण पाणी नाल्यात जातं. धंद्यात दम असेल तर चालेल, नाहीतर बंद पडेल. माझ्या करातून कशाला?" खाली भराभर 'सहमत' पडले. दोन दिवस गप्प राहिलो. आता राहवत नाही.

जळगावला माझं प्लास्टिकच्या दाण्याचं युनिट आहे, सोळा वर्षं झाली. केळीच्या शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या घेतो, तुकडे करतो, धुतो, वितळवून दाणा काढतो. तो चटईवाल्यांकडे आणि काळ्या पाइपवाल्यांकडे जातो. आता 'कचऱ्याच्या भावाचं' ऐका. शंभर किलो नळी आणली की गाळ, माती, क्षार जाऊन माझ्या हातात सत्तर-बहात्तर किलो उरते. भाडं मात्र शंभराचं, हमाली शंभराची, धुण्याचं पाणी शंभराचं. नव्या, न वापरलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचं पोतं फाडलं की थेट मशीनच्या हॉपरमध्ये. वर त्याचा भाव क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर हलतो. २०२० च्या एप्रिलमध्ये क्रूड कोसळलं तेव्हा नवा दाणा इतका उतरला की माझ्या दाण्याला कुणी विचारेना. नवा माल स्वस्त झाला म्हणून जुन्या नळीतला गाळ कमी होत नाही हो.

दुसरं. शेतकऱ्याला नवं ठिबक घ्यायला केंद्राच्या योजनेतून अनुदान आहे, अल्पभूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. चांगलंच आहे, माझ्या भावानंही घेतलंय. पण तीच नळी फाटली, उंदरांनी कुरतडली की पुढे तिचं काय, यासाठी एक रुपया नाही. मी घेतली नाही तर ती बांधावर जळते. संध्याकाळी तो काळा धूर आमच्याकडे कुणीही पाहिलेला आहे.

तिसरं आणि मुख्य. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना, २०१९ ची घ्या. त्यात सवलत ठरते यंत्रसामग्रीत किती पैसे घातले आणि तालुका किती मागास, म्हणजे ए, बी, सी, डी, डी प्लस यांपैकी कशात बसतो यावर. माझं निम्मं भांडवल बायामाणसांच्या मजुरीत आणि भंगाराच्या रोख खरेदीत अडकलेलं, ते 'स्थिर भांडवल' नाही. एसजीएसटीचा, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याचा परतावा महाराष्ट्रात विकलेल्या मालावर. माझ्या दाण्याची चटईवाले करतात ती चटई जाते उत्तर प्रदेश-बिहारला. म्हणजे जास्त कचरा गिळणारा कारखाना कमी सवलतीत आणि नवा दाणा वापरून महागडं मशीन लावणारा जास्त सवलतीत. माझं म्हणणं एवढंच: सवलत वजनावर द्या. किती टन जुना माल आत घेतला आणि त्याचा विकण्याजोगा माल केला, त्यावर.

करदाता_एक

माझी पोस्ट होती, म्हणून लिहितो. तुमची मेहनत मी नाकारत नाही. पण मेहनत सगळेच करतात. २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा माझं पिशव्या, द्रोण, पत्रावळींचं होलसेल दुकान होतं. आधी कर भरून घेतलेला माल गोदामात. जूनपासून कारवाई सुरू झाली, सगळा माल पडेल भावात राज्याबाहेर काढला. बायकोचे दागिने गहाण पडले. तेव्हा मला कोणत्या योजनेतून काय मिळालं? आमच्यासारख्यांना बुडू दिलं आणि तुम्हाला टनामागे पैसे द्यायचे, हा न्याय मला पटत नाही.

नदीकाठची

आमच्या गावाशेजारी एक धुलाई युनिट आहे. नाव घेत नाही. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीचं पाणी पीत होत्या. आज त्या पाण्यात कपडे भिजवले तर वास जात नाही. रात्री अकरानंतर मशीन चालतं, तेव्हा खिडक्या लावूनही घसा खवखवतो. दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा अधिकारी येण्याआधी युनिट बंद आणि गेल्यावर सुरू. 'पुनर्वापर' म्हटलं की सगळं पवित्र होत नाही, दादा. वजनावर पैसे दिलेत तर ते रात्री दुप्पट चालवतील.

खान्देशी_दाणा

ताई, एका युनिटवरून सगळ्यांना झोडू नका. माझ्याकडे गाळ खाली बसवायला तीन टाक्यांची सेटलिंग आहे, तेच पाणी फिरवून वापरतो. उन्हाळ्यात टँकर मी विकत घेतो, ते पाणी नाल्यात सोडायला मला परवडतं का?

करदाता साहेब, तुमच्यावर अन्याय झाला हे कबूल. पण तुम्हाला मिळालं नाही म्हणून कुणालाच मिळू नये, हा युक्तिवाद नाही.

आणि जीएसटीचं कुणी बोलत नाही. प्लास्टिक भंगारावर ५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ झाला. गल्लीतला भंगारवाला ४० लाखांच्या आत, त्याची नोंदणी नाही, त्याच्याकडून घेतलं तर माझ्या करातून वजा करायला क्रेडिट शून्य. नोंदणीवाल्याकडून बिलावर घेतलं, पैसे बँकेतून दिले, आणि दीड वर्षानं त्याची नोंदणी रद्द. नोटीस मला! घेतलेलं क्रेडिट परत भरा, वर व्याज. काट्याच्या पावत्या, ट्रकच्या बिल्ट्या, सगळं घेऊन चार वेळा गेलो. त्या दिवसांत आमच्या घरात जेवताना कुणी बोलायचं नाही.

शिरोलीकर

सगळे प्लास्टिकवरच बोलायला लागलेत. आम्ही कोल्हापूरचे फाउंड्रीवाले काय सोनं वितळवतो काय? भट्टीत जातंय ते भंगारच. पत्र्याचे गठ्ठे, बोरिंग म्हणजे लोखंडाचा कीस, तुटकं कास्टिंग. देशात पुनर्वापर हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता तेव्हापासून आमचा धंदा यावर चाललाय. आणि धातूखालोखाल आमचा मोठा खर्च वीज. २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्राला वीजदरात सवलत. आम्हाला? आम्ही 'पुढारलेले'. कागलच्या पुढं हद्द ओलांडली की कर्नाटक, तिथलं सरकार जागा देतो म्हणून बोलावतंय. किती वेळा मोर्चे काढले आम्ही.

आणि खान्देशी भाऊ, तुम्ही उत्तर महाराष्ट्रात. तुम्हाला ती सवलत मिळाली का नाही, ते आधी सांगा.

मोसंबी_जालना

आला का मराठवाड्याचा विषय! वाटच बघत होतो. आमच्या जालन्याच्या सळईच्या भट्ट्याही भंगारावरच चालतात. पण भंगार बंदरावर उतरतं आणि तिथून आमच्यापर्यंत चारशे किलोमीटर ट्रकनं येतं. तुमच्याकडे पंचगंगा, कृष्णा. २०१३ च्या दुष्काळात जालना शहरानं प्यायच्या पाण्यासाठी काय भोगलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आईनं हंडे मोजून पाणी वापरलंय. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजून दिला, अजून भरला नाही. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली. आणि एवढी एक वीजसवलत तुमच्या डोळ्यांत खुपते?

शिरोलीकर

खुपतेच. कारण अनुशेषाच्या नावावर ती मोजक्या मोठ्या स्टीलवाल्यांनी ओढली, असा आरोप झालाय. मराठवाड्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्याच्या हाताला काय लागलं? आणि 'तुमच्याकडे नदी' हे बोलूच नका. २०१९ ला पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, २०२१ ला परत. माझ्या मित्राच्या शॉपमध्ये भट्टीची कॉइल गाळात होती. नदी आमच्यावर मेहेरबान आहे असं पुण्या-जालन्यात बसून म्हणायला सोपं जातंय.

मोसंबी_जालना

पुराचं दुःख आहे, त्यावर वाद नाही. पण पूर येतो आणि ओसरतो, दुष्काळ मुक्कामाला असतो. आणि भाषा जरा सांभाळून. मी जालन्यात बसून बोलत नाही, जालन्यात राहून बोलतो. माझे दोन चुलतभाऊ त्याच भट्ट्यांवर कामाला आहेत. त्या बंद पडल्या तर ते पुण्याला तुमच्याच पाहुण्यांच्या सोसायटीत वॉचमन होतील.

शिरोलीकर

माझ्या शब्दानं लागलं असेल तर मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. एक टन भंगार जालन्यात वितळलं काय न् शिरोलीत वितळलं काय, खाणीतून उकरावं लागणारं लोहखनिज तेवढंच वाचतं. मग सवलत तालुका बघून का? खान्देशी भाऊंची वजनाची कल्पना मला म्हणून पटली. पण त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

खान्देशी_दाणा

देतो. माझं एचटी, म्हणजे उच्चदाबाचं वीज कनेक्शन आहे, मला वीजसवलत मिळाली. नाकारत नाही. पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. पण ती मला जळगावात आहे म्हणून मिळाली, नळ्या घेतो म्हणून नाही. माझ्या शेजारी नव्या दाण्यावर चालणाऱ्या युनिटलाही तेवढीच मिळाली.

पॅकेजिंगवाला_ठाणे

वीस वर्षं बाटल्या-डब्यांच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो. तुम्ही सगळे चुकीच्या दारात उभे आहात. सवलत मागू नका, सक्ती नीट राबवायला लावा. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित माल घालणं बंधनकारक केलं, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. पातळ लवचीक वेष्टनाला १० पासून २० टक्के. हे खरोखर पाळलं गेलं तर दाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही, भाव आपोआप चढेल. करदात्याचा पैसाही लागणार नाही, खर्च माल विकणाऱ्या कंपनीवर.

वजनावर पैसे दिले की काय होतं तेही पाहिलंय आपण. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाला चार रिसायकलर्सची, इतकं प्लास्टिक पुनर्वापरात घेतलं असं सांगणारी, सुमारे ६ लाख बोगस प्रमाणपत्रं सापडली. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. कागदावर टन, प्रत्यक्षात काही नाही. उद्या तुमच्या टनामागच्या सवलतीचं हेच होईल.

करदाता_एक

हेच मी म्हणत होतो, फक्त आकडे माझ्याकडे नव्हते.

टोपली_पुणे

इतका वेळ वाचतेय. एकाही दादांनी कचरावेचकाचं नाव काढलं नाही. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे 'स्वच्छ' संस्था महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा घ्यायला लागली. ते उगाच झालं नाही. तुमचा दाणा, यांची बाटली, त्यांची सळई, पहिल्यांदा वाकून उचलते ती बाई. क्रूड पडलं तेव्हा दाणेवाल्यानं भंगारवाल्याचा भाव पाडला, भंगारवाल्यानं तिचा. २०२० ला मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बायकांना त्याच पोत्याचे निम्मे पैसे मिळाले. खालून वर कधी काही जात नाही, वरून खाली तोटा मात्र लगेच येतो. सवलत द्यायची तर अट घाला, वेचणाऱ्याला किमान भाव आणि खात्यात पैसे. नाहीतर ती मालकाच्या गाडीत जाईल.

खान्देशी_दाणा

टोपली ताई, भाव मीही पाडला होता. तेव्हा दुसरा मार्ग दिसला नाही. तुमचं वाचून बरं वाटत नाहीये.

ठाणेकर, तुमची सक्ती वेष्टनापुरती आहे. ठिबकची नळी वेष्टन नाही, चटई वेष्टन नाही. अनुदानाच्या नव्या ठिबकला आयएसआय लागतो, त्यात माझा दाणा चालत नाही आणि चालूही नये, शेतकऱ्याचं ड्रिपर बंद पडेल. तुमच्या नियमानं बाटलीवाल्याचं भलं होईल, बांधावरची नळी तिथंच राहील. पण बोगस प्रमाणपत्रांबद्दल तुमचं खरं आहे, मला कितीही राग आला तरी. यावर एक सुचवतो. माझ्या मशीनला किलोमागे साधारण पाऊण युनिट वीज लागते, धुलाईसकट. वजनाचा दावा वीजबिलाशी ताडून पाहा. मीटरवर तेवढी वीज दाखवायला मशीन फिरवावंच लागतं. शिरोलीकर, भट्टीचंही असंच असेल ना?

शिरोलीकर

असंच आहे. टनाला किती युनिट पडले यावरून फोरमन सांगतो भट्टी नीट चालली का नाही. चोरी पकडायला एवढं बास आहे. जालनेकरांना विचारा, त्यांना मान्य आहे का.

मोसंबी_जालना

वजनाची सवलत वरून मिळत असेल तर मान्य. आमची वीजसवलत काढून तिथं लावणार असाल तर नाही. हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

नदीकाठची

वीजबिलानं माल खरा ठरेल, पाणी स्वच्छ आहे का ते ठरणार नाही. खान्देशी दादा, तुमच्या तीन टाक्या मला बघायच्या आहेत. पुढच्या महिन्यात बहिणीकडे भुसावळला येणार आहे. मी आधी सांगून येणार नाही.

खान्देशी_दाणा

सांगूच नका. सोमवार सोडून कधीही या, सोमवारी मशीन बंद असतं. तिसऱ्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेऊन जा आणि जे दिसेल ते इथेच लिहा.