स्कायरिममध्ये तुम्ही वाट कुठे सोडलीत? (अनुभव धागा)

११ नोव्हेंबर २०११ ला आलेला गेम, पण माझ्याकडे वर्षातून एकदा तरी परत इन्स्टॉल होतोच. सुरुवात सगळ्यांना पाठ असेल, हात बांधून घोडागाडीतून मुंडकं उडवायला नेतायत, तेवढ्यात ड्रॅगन येतो आणि त्या धावपळीत आपण सुटतो. गुहेतून बाहेर पडलो की तो ड्रॅगन डोक्यावरून निघून जातो आणि मग एकदम सगळं शांत. सोबतचा माणूस रिव्हरवूड गावाला चल म्हणतो, पण नाही गेलं तरी कोणी अडवत नाही! मी नाहीच गेलो. व्हाइटरन शहराच्या यार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, ड्रॅगनची खबर द्यायची असते ना, ती मी तीन आठवड्यांनी दिली. मेन क्वेस्ट (गेमची मुख्य गोष्ट) सगळ्यांना माहितीय, तुम्ही आडवाटेचं लिहा.

—

माझं फ्रॉस्टफ्लो दीपगृह. कोणी पाठवलं नव्हतं, बर्फात लांबून दिवा दिसला म्हणून गेले. बाहेर मेलेला घोडा, आत एका बाईचं प्रेत, आणि खोल्यांमधून डायऱ्या. एक म्हातारा खलाशी बायकोमुलांना घेऊन इथे राहायला आलेला, समुद्र दिसत राहावा एवढीच हौस. मुलं म्हणत होती तळघरातून आवाज येतात, कोणी मनावर घेतलं नाही, आणि खालून फाल्मर (जमिनीखाली राहणारे आंधळे जीव) आले. आपण वाचत वाचत खाली उतरतो आणि एकेक जण सापडत जातो. त्या बाबाची इच्छा असते की मेल्यावर अस्थी दीपगृहाच्या जाळात टाकाव्यात, तर तळातल्या त्या मोठ्या किड्याला मारल्यावर त्याच्या पोटात त्या मिळतात. मी पूर्ण वर चढून आले आणि जाळात टाकल्या. आपले उपचाराचे मंत्र १० टक्के जास्त लागू पडतात त्यानंतर, पण ते मला नंतर कळलं. मी बराच वेळ वरच उभी होते, समुद्राकडे तोंड करून.

—

सोन्याचा पंजा!! ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यातल्या दारावरच्या चित्रांच्या तीन चकत्या अर्धा तास फिरवत बसलो होतो, मग सामानात जाऊन पंजा उलटा करून बघितला तर तळव्यावरच चित्रांचा क्रम कोरलेला, अस्वल, पतंग (किडा), घुबड. त्या दिवसापासून मिळेल ती वस्तू फिरवून बघतो.

—

मला आवडतं ते हे की तू कोण आहेस ते आधीच ठरवून टाक असं गेम म्हणत नाही. जे करशील ते वाढतं. तलवार चालवली की तलवार, लपूनछपून चाललं की ते. मी जादूगार करणार होते आणि दर वेळी शेवटी अंधारात वाकून धनुष्य ताणत बसलेली असते, चार कॅरेक्टर झाली, चारही तशीच.

^ सेम, माझी सहा.

—

हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या साधूंच्या मठाच्या ७००० पायऱ्या. प्रत्यक्षात तेवढ्या नाहीत पण वाटतात तेवढ्या. तेव्हा माझी नोकरी गेली होती, रात्री झोप यायची नाही. पायथ्याच्या इव्हारस्टेड गावात क्लिमेक नावाचा माणूस भेटतो, साधूंना वरती सामान पोचवतो, आता पाय साथ देत नाहीत म्हणतो, तर त्याची पिशवी घेतली आणि पळायचं नाही, चालतच जायचं असं ठरवलं. वाटेत दहा शिलालेख आहेत, एकही न सोडता वाचले. मध्ये बर्फातला ट्रोल अंगावर आला, तिथे तीनदा मेलो. वर पोचलो तेव्हा आकाशात हिरवा उजेड पसरलेला आणि गेमचा संगीतकार जेरेमी सोलचं ते हळू संगीत. सामान पेटीत ठेवलं. दहाही शिलालेख वाचले की दिवसभर जनावरं आपल्यावर हल्ला करत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. खाली उतरताना समोरून लांडगा आला, मी तलवार काढली, आणि त्याने काही केलंच नाही. मग तलवार परत म्यानात घातली आणि तसाच चालत राहिलो.