वडील अर्धांगवायूनंतर घरी येणार, नाकात नळी आहे. काय तयारी करावी?

प्रश्न:
वडिलांना या आठवड्यात सुट्टी मिळेल. उजवी बाजू लुळी आहे, फीड नाकातल्या नळीतून (राइल्स ट्यूब) चालू आहे, लघवीची पिशवीही आहे. एअर बेड (हवेची गादी) घेतला तर कूस बदलावी लागते का? आणि गोळ्या नळीतून कशा द्यायच्या? दिवसा आई एकटीच असते.

उत्तर १:
एअर बेड घ्या, पण कूस बदलणं त्याने सुटत नाही. साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवा. पोटरीखाली उशी अशी द्या की टाच अधांतरी राहील. टाचेखालून तळहात सहज सरकला पाहिजे.

खरा घोळ होतो तो पेशंट पायथ्याकडे घसरल्यावर. काखेत हात घालून वर ओढलं की लुळ्या बाजूचा खांदा सांध्यातून उतरू शकतो, आणि माकडहाडावरची कातडी चादरीला घासून सोलवटते. म्हणून खांद्यापासून मांडीपर्यंत एक दुमडलेली चादर आडवी घालून ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि उचलून वर सरकवायचं. आईंनी हे एकटीने अजिबात करू नये.

रोज पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती दाबाने होणाऱ्या व्रणाची (बेडसोअर) सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का पाहा. तिथे चोळू नका, त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा.

उत्तर २:
नळीचं सांगते. नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून घ्या. खूण बाहेर सरकलेली दिसली तर काहीही घालू नका, नळी स्वतः आत ढकलू नका. फीड चालू असताना खोकला किंवा धाप लागली तर तिथेच थांबा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, फीडनंतरही पाऊण-एक तास तशीच. त्यामुळे कूस फीडच्या आधी बदलून घ्या.

सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर हेही त्यात मोजा.

प्रत्येक गोळीची वेगळी बारीक पूड करून पाण्यात विरघळवा, फीडमध्ये मिसळू नका. गोळीच्या कणांनी नळी तुंबू शकते. नावापुढे एसआर, ईआर (औषध हळूहळू सोडणारी) किंवा ईसी (आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची) असलेली गोळी कुटायची नाही: पहिल्या दोन्हींत दिवसभराचं औषध एकदम सुटतं, तिसरीचं आवरण मोडतं. पर्याय डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

सुट्टीआधी नर्ससमोर आईंना स्वतःच्या हाताने दोन-तीन फीड द्यायला लावा. नुसतं बघून हात बसत नाही.

प्रश्नकर्ता:
कूस बदलताना लघवीच्या पिशवीचं काय?

उत्तर १:
पलंगाच्या फ्रेमला अडकवा, कठड्याला नको. कठडा हलवला की नळी ओढली जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. कूस वळवली की नळी मांडीखाली दबली नाही ना, ते बघा. लघवी येणं थांबलं तर आधी पीळ शोधा. पीळ नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन.