शब्दचर्चा: शेतीतल्या ‘मॉडेल’ला काय म्हणावे?

विचारणा (वाशी)

मुरबाड तालुक्यातील भातशेतकऱ्यांसाठी तयार होणाऱ्या एका माहितीपुस्तिकेचे मराठी मी तपासते आहे. खताची मात्रा आणि ती देण्याची वेळ आधी संगणकावर ताडून पाहिली, तर नत्राचा किती भाग पिकाला लागेल आणि किती पाण्यात किंवा हवेत जाईल, याचा अंदाज लावणीपूर्वीच येतो, हा तिचा विषय. हा अंदाज देणाऱ्या संगणकावरच्या ‘मॉडेल’साठी मसुद्यात सगळीकडे ‘नमुना’ हा शब्द आहे. ‘नमुन्यात मातीची माहिती भरावी’ हे वाक्य बैठकीत वाचून दाखवताच एका आजोबांनी चिठ्ठी बांधलेली मातीची पिशवी पुढे केली आणि विचारले, “नमुना हा आणलाय, त्यात आणखी काय भरायचं?” मला उत्तर देता आले नाही. दुसरी शंका अशी की, वाया गेलेल्या नत्रामुळे होणाऱ्या हानीला ‘पर्यावरणीय आघात’ म्हटलेले चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

ताई, आजोबांचे बरोबर आहे. शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन, ती माती एकत्र करून, तिचे चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन टाकत टाकत शेवटी उरणारी अर्धा किलो माती म्हणजे नमुना. नमुना हा मूळ वस्तूचाच अंश असतो. मॉडेलमध्ये मातीचा कणही नसतो. असते ती पीक, पाणी आणि नत्र यांच्या व्यवहाराची गणिती मांडणी.

‘प्रारूप’ही मी घेणार नाही, कारण शासकीय मराठीत त्याचा अर्थ मसुदा असा पक्का झाला आहे, ‘प्रारूप विकास योजना’ म्हटले की हरकती आणि सूचना आठवतात. ‘प्रतिकृती’ने डोळ्यांना दिसणारे रूप सुचते. शास्त्रीय लेखनात ‘प्रतिमान’ रुळलेला आहे, म्हणून ‘पीक-प्रतिमान’ असे लिहावे, आणि पहिल्यांदा येईल तेथे ‘म्हणजे संगणकावर मांडलेले पिकाचे गणित’ एवढे जोडावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘इन्फोक्रॉप’ किंवा ऑस्ट्रेलियातले ‘एपीसिम’ हेच करते: रोजचा पाऊस, तापमान, ऊन, मातीचे थर आणि दिलेले खत यांवरून पिकाची वाढ आणि नत्राची वाटचाल दिवसागणिक मोजत जाते.

‘आघात’ मात्र नको. प्रकल्पांच्या मूल्यांकनामुळे तो शब्द रूढ झाला असला, तरी त्यात एकदम बसलेला तडाखा आहे. येथील हानी हळूहळू साचणारी आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. त्यातले काही अमोनिया होऊन उडते, काही पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळते, काही नायट्रेट होऊन खाली झिरपते, आणि थोडेसे नायट्रस ऑक्साइड बनते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. याला ‘पर्यावरणावरचा भार’ म्हणावे. आणखी एक खटकले, ते न विचारताच सांगतो: नायट्रेट खाली जाण्याला कोणी ‘निचरा’ म्हटले असेल, तर तो शब्द बदलावा. ‘निचऱ्याची जमीन’ ही शेतकऱ्याच्या तोंडी स्तुती आहे. येथे ‘झिरपून वाया जाणे’ असे हवे.

उत्तर (ऐरोली)

‘प्रतिमान’ शेतकऱ्याला परकेच वाटेल. आपल्याकडे ‘ठोकताळा’ आणि ‘आडाखा’ हे शब्द असताना ते का वापरू नयेत? शहापूरला माझे वडील भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीने लावणी झाली की चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध युरिया आणि डीएपी या खतांची गोळी चिखलात खोचतात आणि म्हणतात, “फेकलेलं खत पाण्याचं, खोचलेलं पिकाचं.” हा त्यांचा ठोकताळाच आहे, आणि संगणकाचे गणितही त्याच प्रश्नाचे उत्तर शोधते.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

दादा, वडिलांचे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे घ्यावे इतके नेमके आहे. तरी ठोकताळा अनुभवातून बसतो, आणि पाऊस उलटला किंवा वाण बदलले की तो चुकू शकतो. प्रतिमानात तो पाऊस आणि ते वाण बदलून पुन्हा गणित करता येते. म्हणून दोन्हींना एक नाव नको. ‘आडाखा’ मात्र आपण अगदी योग्य सुचवलात, फक्त त्याची जागा निराळी. प्रतिमान हे गणित, आणि त्यातून निघालेले ‘लावणीनंतर इतक्या दिवसांनी खताचा दुसरा हप्ता दिला तर इतके नत्र वाचेल’ हे विधान, तो आडाखा. ‘आडाखा बांधणे’ या क्रियापदामुळे वाक्येही सरळ होतील.

विचारणा करणारीकडून (वाशी)

दोघांचेही मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे: ‘आपल्या मातीच्या नमुन्याचा अहवाल पीक-प्रतिमानात भरून खताचा आडाखा बांधता येतो.’ आता ‘नमुना’ शब्द फक्त पिशवीतल्या मातीसाठी राहिला आहे. पुढच्या बैठकीत हे वाक्य आधी त्या आजोबांनाच वाचून दाखवणार आहे.