आधी दस्त्याचा ताठपणा पाहावा
हलक्या रायफलचा प्लास्टिकचा दस्ता (नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकवतात तो भाग) बदलून कार्बन फायबरचा बसवावा म्हणजे दोन-तीनशे ग्रॅम वाचतील, हा सल्ला मला मान्य आहे. मात्र त्या बदलाचा खरा लाभ वजनात नसून ताठपणात आहे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील कोलोराडोच्या सॅन हुआन पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेल्यावर रायफल सॅकवर टेकवूनच नेम धरावा लागतो, आणि माझ्या रायफलचा पोकळ दस्ता त्या भाराने वाकून नळीला टेकत असे, त्यामुळे सरावाच्या मैदानावर बिनचूक लागणारी गोळी तिथे वर जात असे.

खर्च करण्यापूर्वी नळी आणि दस्ता यांमध्ये कागदाची पट्टी घालून, सॅकवर भार दिल्यानंतरही ती मोकळी सरकते का, हे अवश्य तपासावे.